बिनठिपक्याची पाच काडतुसं

१

लेलंड स्टोर्डालचा दिवस घड्याळाला लाज वाटावी इतका ठरलेला होता. सहाला गुरांना वैरण, साडेसातला ओटची लापशी, आठला रेडिओवर गव्हाचे भाव, आणि नऊ वाजले की तळघर. अडुसष्ट वर्षांचा मोंटानातला माणूस याहून जास्त करणार तरी काय? जमीन खंडाने दिलेली, गुरं अकराच उरलेली, मुलगी लांब ओरेगनात संसाराला लागलेली. बायको आर्लिस वर स्वयंपाकघरात. तेव्हा नऊ ते बारा तळघर.

तिथे एक जुनं दार आडवं टाकून केलेलं टेबल होतं आणि त्याच्या कडेला लोखंडी प्रेस पक्का बसवलेला होता. वर छताला लागून एक आडवी खिडकी होती. बाहेरून ती जमिनीच्या पातळीला यायची, त्यामुळे मागच्या दाराशी कोणी आलं की आतून त्याचे फक्त बूट दिसायचे. लेलंड बुटांवरून माणूस ओळखायचा आणि त्याला त्याचा थोडा तोराही होता.

काम म्हणजे काडतुसं भरणं. वापरलेल्या पितळी पुंगळ्या प्रेसमधून काढून मापात आणायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, काट्यावर तोलून बंदुकीची दारू घालायची आणि तोंडाशी शिशाची गोळी दाबून बसवायची. प्रेसचा दांडा खाली येताना कण्हायचा आणि वर जाताना ठक्क करायचा. दांडा वाजायला लागला की आर्लिस वरून म्हणायची, "झालं याचं घड्याळ सुरू."

काडतूस पंचेचाळीस-सत्तर जातीचं. ते निघालं लेलंडच्या आजोबांच्या काळात, तेव्हाची दारू मवाळ आणि तेव्हाच्या रायफलींचं लोखंडही मवाळ. पुढे रायफली दणकट झाल्या, काडतूस मात्र तेच राहिलं. मग लेलंडसारखे लोक घरी बसून त्याच जुन्या पुंगळीत तिप्पट जोराचा माल भरू लागले, आपल्या नव्या रायफलीसाठी. त्या जोराने घळीपलीकडचा घोड्याएवढा एल्क सांबरसुद्धा जागच्या जागी बसायचा. गोम एकच होती. बाहेरून जोराचं आणि मवाळ काडतूस अगदी सारखं दिसतं, आणि जोराचं काडतूस आजोबांच्या रायफलीतही आरामात बसतं. बसतं, आणि मग रायफल माणसाच्या गालाशी फुटते.

म्हणून असं भरणारा प्रत्येक माणूस काहीतरी खूण करतो. स्टोर्डालांच्या घरात ती नखांना लावायच्या लाल रंगाची होती. काडतुसाच्या बुडावर लाल ठिपका असेल तर ते फक्त लेलंडच्या नव्या रायफलीचं. ठिपका नसेल तर कुणीही कशातही वापरावं. हा नियम पाहुण्यांनाही पाठ होता.

तो ऑक्टोबरातला मंगळवार होता. आदल्या दिवशी लेलंडने वीस जोराची काडतुसं भरून, विसांच्या बुडांना ठिपके देऊन, डाव्या हाताच्या डब्यात बूड वर करून रांगेत उभी केली होती. त्याने डबा उघडला. एकोणीस ठिपके होते. तिसऱ्या रांगेतल्या एका काडतुसाचं बूड लख्ख पितळी होतं.

विसरलो असेन, असं तो म्हणाला आणि ठिपका देऊन मोकळा झाला. पण लेलंड विसरणाऱ्यांतला नव्हता. आयुष्यात एकदाच त्याने ठिपका द्यायचा राहू दिला होता.

२

ते एकदाच सांगून टाकलेलं बरं, कारण लेलंडने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, असाच शिकारीचा सीझन तोंडावर आलेला असताना, त्याने वीस काडतुसं भरली आणि बाटली उघडली तर रंग वाळून दगड झालेला. बाटली आर्लिसची. तालुक्याला कधी जाणं होईल तेव्हा दुसरी आणू, डावा डबा आपला आहे हे आपल्याला माहीत आहेच की, असं म्हणून त्याने झाकण लावलं. सीझनच्या पहिल्या शनिवारी सकाळी तो ट्रकच्या चाकांच्या साखळ्या आणायला गावात गेला, आणि मागे मेहुणा आला.

क्लेटन म्हणजे आर्लिसचा धाकटा भाऊ. डावखुरा, बडबड्या, बुटाच्या नाड्या तुटल्या तर वैरणीच्या गठ्ठ्याची पिवळी सुतळी बांधून हिंडणारा. कॉफीत तीन चमचे साखर घालायचा आणि चमचा कपावर इतका वेळ वाजवायचा की आर्लिस त्याला सांगे, विरघळली रे बाबा, मेली ती साखर. त्या सकाळी त्याच्या खांद्यावर आजोबांची रायफल होती, वरून झाकण उघडणारी, सैन्याने मोडीत काढलेली. काडतुसं घरी विसरला होता. पाच दे म्हणाला.

आर्लिस तळघरात उतरली. तिला नियम ठाऊक होता. तिने पाच काडतुसांची बुडं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, लाल कुठेच नव्हतं, म्हणून तिने ती दिली. दहा वाजता घळीतून आवाज आला. तो नेहमीच्या बारासारखा नव्हता, पत्रा फाटावा तसा होता. क्लेटन दोन दिवस जगला.

इस्पितळात आर्लिसला बसवून लेलंड संध्याकाळी गुरांसाठी घरी आला होता. तेव्हा त्याने ट्रॅक्टरच्या लाल रंगाचा डबा घेतला आणि उरलेल्या पंधरा काडतुसांना पंधरा ठिपके दिले. का दिले, हे त्याने स्वतःला नंतर हजार वेळा विचारलं. दुसऱ्या दिवशी शेरिफचा माणूस आला, त्याने डबा उघडला, पंधरा ठिपके पाहिले, आर्लिसकडे पाहिलं आणि वही हळूच मिटली.

"मी पाहिलं होतं," आर्लिस म्हणाली. "मला वाटतंय मी पाहिलं होतं."

लेलंड तिच्या शेजारीच उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड बंद ठेवलं.

त्या दिवसापासून आर्लिसचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. गोधड्या शिवणारी बाई ती. साऱ्या तालुक्यात तिच्याइतका बारीक टाका कुणाचा नव्हता. तिने शिवणाची टोपली कपाटावर टाकली ती आजतागायत. गाडी चालवणं सोडलं. मिठाची बरणीसुद्धा खिडकीशी नेऊन वाचायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीनदा तपासून सांगितलं की वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. ती नुसती मान हलवायची, आणि घरी आल्यावर एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवायची.

लेलंडनेही प्रेसवर चादर घातली होती. ती अकरा वर्षं तशीच राहिली. पण या सप्टेंबरात जेवताना आर्लिस म्हणाली, "तू जा या वर्षी शिकारीला. झालं ते माझ्या हातून झालं. त्याची शिक्षा तू का भोगायची?"

सांगून टाकायला याहून चांगला क्षण कुठून येणार होता? लेलंडने बटाटे आपल्याकडे ओढले आणि बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्याने चादर काढली.

३

बुधवारी बिनठिपक्याची दोन निघाली.

या वेळी त्याने घाई केली नाही. दोन्ही काडतुसं भिंगाखाली धरली. रंग खरवडला असता तर ओरखडा दिसला असता, निघाला असता तर कडेला कपची राहिली असती. तसं काही नव्हतं, जणू त्या बुडांना कधी रंग लागलाच नव्हता. पितळाला तेलाचा हात असेल तर रंग धरत नाही, हे त्याने स्वतःला समजावलं आणि ट्रक काढून गावात गेला.

हार्डवेअरच्या दुकानात हब स्कोफील्ड गल्ल्यामागे बसून डोनट खात होता. दारू, टोप्या, शिशाच्या गोळ्या, सगळं त्याच्याकडेच मिळायचं. लेलंड आधी औषधांच्या दुकानातून नवी बाटली घेऊन आला होता आणि ती खिशातून डोकावत होती.

"रंग छान आहे," हब म्हणाला. "तुझ्या गालांना शोभेल."

लेलंडने त्याच्याकडे दुर्लक्ष करून विचारलं, की पितळावरून असा रंग एका रात्रीत निघून जाऊ शकतो का.

"माझ्या बघण्यात तर दहा-दहा वर्षं जात नाही. पुंगळी उकळली तरी जात नाही." हबने बोटं चाटली आणि मग त्याचा आवाज जरा बदलला. "पुन्हा भरायला लागलास म्हणे. बरं केलंस. आर्लिस कशी आहे?"

"बरी आहे."

"बिचारी. एक क्षण नजर चुकली आणि जन्मभराचं झालं. पण तू तिला कधी एक शब्द बोलला नाहीस. हे मी सगळ्यांना सांगतो हं, लेलंड. दुसरा असता तर तिला टोचून टोचून मारलं असतं."

लेलंडने खिळ्यांच्या खोक्याकडे पाहत काहीतरी पुटपुटलं. गावात त्याचं नाव असं होतं, सोसणारा, मोठ्या मनाचा. चर्चमध्ये लोक त्याच्यासाठी जागा राखून ठेवायचे. परत येताना त्याने ट्रकची काच खाली केली, बाहेर बर्फ भुरभुरत असूनही.

४

त्या दुपारी त्याने विसाच्या विसांना ठिपके दिले, तेही ट्रॅक्टरच्या रंगाचे. डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. आर्लिसचा त्याला संशय आला होता हे नाकारण्यात अर्थ नाही. बाई रिकाम्या घरात अकरा वर्षं स्वतःला कोसत बसली, तिच्या हातून असं काही विचित्र झालं तर नवल कसलं? खरं म्हणजे तिचाच हात निघावा असं त्याला वाटत होतं. तसल्या दुखण्याला औषध होतं, डॉक्टर होते.

गुरुवारी सकाळी वैरण घालून तो आत आला तेव्हा आर्लिस लेफ्से करायला बसली होती. चर्चच्या जेवणासाठी दरवर्षी दोनशे लागायचे. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या ती डोळे मिटून लाटू शकायची, आणि हल्ली डोळे मिटूनच लाटायची. लेलंड समोर बसून लोणी-साखर लावलेली एक पोळी गुंडाळून खात होता. पावणेनऊ झाले होते.

खालून आवाज आला. कण्हणं, मग ठक्क.

लेलंडचा घास तोंडातच राहिला. प्रेसचा दांडा दहा शेरांचा. उंदराच्या वजनाने तो हलत नाही, वाऱ्याने तर नाहीच. पुन्हा कण्हणं, पुन्हा ठक्क. कुणीतरी सवयीने, घाई न करता काम करत असावं तसा.

"तू खाली काही चालू ठेवून आलास का?" आर्लिसने विचारलं. तिचं लाटणं थांबलं नव्हतं.

"काय चालू ठेवणार? पाइप वाजत असतील."

"तो पाइपचा आवाज नाही. माझे डोळे गेलेत, कान नाही गेले."

पाच वेळा ठक्क झालं आणि थांबलं. लेलंड चौदा पायऱ्या उतरला. खाली कुणी नव्हतं. खिडकीतून राखाडी उजेड येत होता, काट्याचं पारडं स्थिर होतं. प्रेसच्या दांड्याला त्याने हात लावला. तो थंड असायला हवा होता, पण हातात धरून नुकत्याच सोडलेल्या हत्यारासारखा कोमट लागला. डब्याचं कुलूप जागेवर होतं. आत बिनठिपक्याची तीन होती.

पाच, हे त्याच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं. क्लेटनने पाच नेली होती. हे एकेक वाढतंय ते कुठे जाऊन थांबणार, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि कळल्याबरोबर त्याने ते झटकून टाकलं. माणूस अडुसष्ट वर्षांचा झाला म्हणजे काय वाटेल ते मानायला लागायचं का?

मग त्याने सगळी काडतुसं मोडायला घेतली. गोळ्या उपटल्या, दारू बाहेर नेऊन बर्फावर ओतली, टोप्या तेलात बुडवल्या. रिकाम्या पुंगळ्या पोत्यात भरून ट्रकच्या मागे टाकल्या आणि स्वतः नेऊन भंगारात दिल्या. बारा वाजून गेले तरी आर्लिसने जेवायला हाक मारली नाही. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती.

५

शुक्रवारी रिकाम्या डब्यात चार होती. भरलेली, पुरी, बुडं लख्ख.

लेलंड टेबलाशी बसला आणि बराच वेळ उठला नाही. आता कारणं शोधण्यात राम नव्हता. उद्या सीझनचा पहिला शनिवार. चारची पाच उद्याच होणार, आणि पाच झाली की न्यायला कोणीतरी येणार, हे त्याला लापशीचं पातेलं चुलीवर आहे इतकं स्पष्ट दिसत होतं. त्याला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली, तिच्याहून जुनं असं दुसरंच काही होतं. त्याला क्लेटनची आठवण येत होती. तो बडबड्या माणूस त्याला आवडायचा. अकरा वर्षांत त्याने त्याच्यासाठी एकदाही धड रडून घेतलं नव्हतं, कारण रडताना माणूस काय बोलून जाईल याचा नेम नसतो.

एकच गोष्ट करण्यासारखी उरली होती. वर जायचं आणि सांगायचं.

तो वर गेला. आर्लिस लेफ्सेच्या थप्प्या फडक्यात गुंडाळत होती. चष्म्यावर चष्मा, नाकावर पिठाचा डाग. लेलंडने खुर्ची ओढली आणि तिचं नाव घेतलं.

"काय रे?"

"काही नाही. बस ना जरा."

ती बसली. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. सुईच्या टोचण्यांनी घट्टे पडलेली ती बोटं आता मऊ झाली होती. आर्लिस म्हणाली, "उद्या क्लेटनचा दिवस. दरवर्षी मला वाटतं की तू नसतास तर मी या दिवसात वेडी झाले असते. तू मला कधी विचारलंही नाहीस, की कसं दिसलं नाही तुला म्हणून."

त्याने तिचा हात थोपटला. उद्या सकाळी सांगू, नऊच्या आत, असं त्याने ठरवलं. ठिपके द्यायचंही त्याने असंच ठरवलं होतं.

६

शनिवारी गुरांनी त्रास दिला. पाण्याच्या टाकीवर हातभर बर्फ धरला होता, तो फोडता फोडता उशीर झाला. घरात शिरला तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. आर्लिस आत कपडे बदलत असेल असं त्याला वाटलं. त्याने बूट काढून सपाता घातल्या. घड्याळात नऊला पाच कमी होते. एकदा डबा पाहून येऊ आणि मग सांगू, असं म्हणून तो खाली उतरला. अकरा वर्षं टाळणाऱ्या माणसाला पाच मिनिटंसुद्धा सोडवत नाहीत.

डबा उघडा होता. कुलूप टेबलावर होतं, किल्ली मात्र त्याच्या गळ्यातच होती. डब्यात काही नव्हतं, आणि झाकणावर पिठाच्या बोटांचे चार ठसे होते.

तेवढ्यात खिडकीतला उजेड हलला.

लेलंडने वर पाहिलं. काचेपलीकडे, मागच्या दाराच्या पायरीवरून दोन बूट खाली उतरत होते. जुने, पुढे फाटत आलेले. उजव्या बुटाला चामड्याची नाडी होती. डाव्या बुटाला पिवळी सुतळी होती. ते बर्फात उभे राहिले, टाचा जराशा आपटल्या, कुणी निरोप घेताना आपटतो तशा, आणि घळीच्या दिशेला चालू लागले.

चौदा पायऱ्या त्याने कशा चढल्या ते त्याचं त्याला माहीत नाही. मागचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यात आर्लिस उभी होती. थंडीने तिचा चेहरा लाल झाला होता. दोन्ही चष्मे तिने घातले होते आणि ती हसत होती, शाळेतली मुलगी पाढा बरोबर म्हटल्यावर हसते तशी.

"क्लेटन आला होता," ती म्हणाली. "काडतुसं घरी विसरला, पाच दे म्हणाला. मी एकेक खिडकीशी धरून पाहिलं, लेलंड. दोन-दोनदा पाहिलं. एकावरही लाल नव्हतं." मग तिचं हसू जरा डळमळलं. "या वेळी मी नीट पाहिलं ना?"

तिच्या खांद्यावरून लेलंडला शेत दिसलं. पांढऱ्यावर एक माणूस पाठमोरा चालला होता, मळकट टोपी, डाव्या खांद्यावर लांब जुनी रायफल. तो कुंपणाच्या तारेपर्यंत पोचला होता. तिथे तो थांबला. घळीत काहीतरी दिसलं असावं, कारण त्याने रायफल हळूच खांद्यावरून काढली.

झाकण उघडल्याचा आवाज इतक्या लांबून ऐकू येत नाही. लेलंडला तो ऐकू आला.

७

तो सपातांनिशी बर्फात धावला. वीस पावलांत एक सपात गेली. समोर तो माणूस रायफल डाव्या गालाशी आणत होता, आणि आर्लिस मागे दारात उभी होती, आणि जे ओरडायचं ते तिला ऐकू न जाता ओरडता येणार नव्हतं.

"क्लेटन, बार काढू नकोस!"

तो माणूस हलला नाही. नुसतं थांब म्हटलेलं त्याला पुरणार नव्हतं.

"ती माझी आहेत!" लेलंडचा आवाज फाटला. "जोराची आहेत. मी ठिपके दिले नव्हते. रंग वाळला होता, मी उद्या म्हटलं. तिने बरोबर पाहिलं होतं, क्लेटन. तिची काही चूक नव्हती. ते पंधरा मी नंतर रंगवले, तू इस्पितळात असताना. मी रंगवले आणि तिला काही बोललो नाही."

थंड हवेत प्रत्येक शब्द घळीपर्यंत जाऊन परत आला. लेलंड गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला. तो त्या आवाजाची वाट पाहत होता, पत्रा फाटल्यासारख्या. तो आला नाही.

त्याने मान वर केली तेव्हा त्या माणसाने रायफल खाली घेतली होती. तो वळायला लागला होता. टोपीच्या कडेखाली उजवा गाल दिसला, दाढी न केलेला, चांगला धड. मग डावी बाजू वळून येऊ लागली, आणि लेलंडने डोळे मिटून घेतले. ते त्याने एकदा इस्पितळात पाहिलं होतं.

उघडले तेव्हा कुंपणाशी कुणी नव्हतं. तार हलत होती.

तो परत फिरला. दारात आर्लिस नव्हती आणि दार बंद होतं. आपल्या अनवाणी पावलाच्या खुणा बघत तो चालत आला. पायरीपासून दहा हातांवर त्याच्या खुणांशेजारी दुसऱ्या खुणा सुरू झाल्या, बुटांच्या. त्यांचे चवडे घराकडे होते, आणि बाहेर जाणारी बुटाची अशी एकही खूण नव्हती.

दार आतून लावलेलं होतं. अडतीस वर्षांच्या संसारात त्या दाराला दिवसा कडी लागली नव्हती. लेलंडने मूठ वर केली आणि तशीच ठेवली, कारण आतून आवाज येत होता. कपावर चमचा वाजत होता. एक, दोन, तीन, आणि मग साखर विरघळून गेल्यावरही कितीतरी वेळ.

तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. टेबलाच्या या बाजूला आर्लिस बसली होती. समोरची खुर्ची भिंतीआड येत होती. तिथून टेबलावर टेकलेलं फक्त एक कोपर दिसत होतं, मळक्या लोकरी बाहीचं. टेबलावर पाच काडतुसं एका रांगेत उभी होती. दोन्ही चष्मे काढून, काड्या मिटून, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले होते. कपाटावरची शिवणाची टोपली तिच्या मांडीवर होती. तिने सुई उजेडात धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एकाच प्रयत्नात ओवलं.

लेलंडचा पाय आता दुखेनासा झाला होता. त्याने काचेवर बोटं टेकवली. तिचं नाव घ्यावं असं त्याला वाटलं, माफी मागावी असं वाटलं. अकरा वर्षांत हे दोन्ही त्याला कुठल्याही सकाळी करता आलं असतं, कॉफी पीत, उबेत बसून.

आर्लिसने मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले नाहीत, चष्म्याकडे हात नेला नाही. तो तिला स्पष्ट दिसला, अनवाणी पायासकट. तिने त्याला पुरतं पाहून घेतलं. मग तिने समोरच्या खुर्चीकडे तोंड वळवलं आणि विचारलं, आणखी थोडी कॉफी घेणार का म्हणून.